टीव्हीखालचा डबा की टेबलावरचा पीसी?

दहावी-बारावीचे निकाल लागले किंवा ईद जवळ आली की आमच्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो. मुलाला तो तलवारींचा, जादूचा, शंभर-शंभर तास चालणारा गेम खेळायचा आहे. त्यासाठी गेमिंग कॉम्प्युटर घ्यावा की प्लेस्टेशन? वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर, गाव बदलते, प्रश्न तोच. विचारणारे बहुधा अब्बा असतात आणि बोलणे एकाच ठिकाणी येऊन थांबते: पैसे एकदाच निघतील, नीट सांगा. सोयाबीनच्या हंगामातून किंवा दुकानाच्या गल्ल्यातून पन्नास-साठ हजार बाजूला काढणे म्हणजे काय, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून या वेळी जरा सविस्तर.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. घरात धड चालणारा एकही कॉम्प्युटर नसेल तर पीसी घ्या, कन्सोलचा विचार सोडा. घरात कॉम्प्युटर आधीच असेल आणि तो अभ्यासाला पुरत असेल, तरच कन्सोलचे बोलणे सुरू होते. हे मत कसे बनले ते आता सांगतो, कारण मुलगा लगेच विचारील, "पण अब्बा, कन्सोल तर स्वस्त पडतो ना?" आणि त्याचे म्हणणे अर्धे खरे आहे.

आधी हा खेळ काय असतो ते पाहू. इंग्रजीत याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. खेळणारा एक पात्र निवडतो, म्हणजे योद्धा, जादूगार किंवा चोर होतो, आणि एका मोठ्या काल्पनिक मुलुखात फिरतो. भेटणाऱ्या माणसांशी बोलतो, कोणाला मदत करायची, कोणाला नाही हे ठरवतो, आणि त्या निर्णयांवर पुढची गोष्ट वळते. आमच्या पिढीला हे नवे वाटायचे कारण नाही. ज्यांच्या घरी दादीअम्मा अमीर हमजाची दास्तान सांगायच्या त्यांना तिलिस्म, साहिर, अय्यार हे शब्द तोंडपाठ असतील. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने १८८३ पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे जाडजूड खंड काढले, ते लोक रात्र-रात्र ऐकत. त्यातल्या अम्र अय्यारची जंबील आठवते? सारे जग आत घातले तरी न भरणारी ती झोळी. आज मुलगा पडद्यावर एक चौकट उघडून त्यात बावीस तलवारी, चाळीस औषधाच्या बाटल्या आणि एक आख्खे चिलखत ठेवतो, ती त्याच झोळीची बहीण आहे.

या खेळांची दोन घराणी आहेत आणि खरेदीच्या वेळी ती माहीत असलेली बरी. १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा कागद, पेन्सिल आणि फाशांवरचा खेळ निघाला. त्यातून कॉम्प्युटरवरचे एक घराणे उभे राहिले. १९९८ चा ‘बाल्डर्स गेट’ त्यातलाच, आणि २०२३ चा ‘बाल्डर्स गेट ३’ही. बेल्जियमच्या लॅरियन कंपनीने केलेला हा गेम ३ ऑगस्टला पीसीवर आला, पीएस५वर ६ सप्टेंबरला आणि एक्सबॉक्सवर डिसेंबरमध्ये. दुसरे घराणे जपानचे. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ १९८६ चा, ‘फायनल फँटसी’ १९८७ चा. दोन्ही टीव्हीला जोडायच्या डब्यावर जन्मले. २०२२ चा ‘एल्डन रिंग’ पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर निघाला, पण तो हातात कंट्रोलर धरूनच खेळावा. म्हणजे मुलाला नेमका कोणता गेम हवा आहे हे विचारणे वायफळ नाही. माऊसने शंभर छोट्या खुणांवर टिचकी मारायची असेल तर पीसी सोयीचा. तलवार चुकवायची आणि हाणायची असेल तर कंट्रोलर. मात्र कंट्रोलर पीसीलाही लागतो. कन्सोलला माऊस लावून असा गेम खेळणे सहसा जमत नाही.

आता पैसा. पीएस५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आली तेव्हा डिस्कच्या मॉडेलची किंमत ४९,९९० रुपये होती, पुढे ती ५४,९९० झाली. एक्सबॉक्स सिरीज एस त्याआधी नोव्हेंबर २०२० मध्ये ३४,९९० ला आला होता. तेवढ्याच रकमेत तेवढेच सुंदर चित्र दाखवणारा नवा पीसी जुळवता येत नाही. हे मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे. दुकानदार साठ हजारांत ‘सेम टू सेम’ पीसी देतो म्हणाला, तर त्यातले ग्राफिक्स कार्ड कोणते, नवे की वापरलेले, हे बिलावर लिहून मागा.

पण कन्सोलचा हिशोब डब्यावर संपत नाही. नवे गेम महाग असतात आणि इंटरनेटवरून इतरांबरोबर खेळायला बहुतेक गेमना वेगळी वर्गणी लागते. पीसीवर स्टीम नावाच्या दुकानात २०१५ पासून रुपयांत किंमती आहेत, जुने गेम वर्षातून अनेकदा मोठ्या सवलतीत मिळतात, आणि घेतलेला गेम आवडला नाही तर १४ दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर, पैसे परत मागता येतात. कन्सोलची बाजू एकाच ठिकाणी भारी आहे: डिस्क. गेम संपला की डिस्क विकता येते, मित्राशी बदलता येते. फक्त वाशिममध्ये तो मित्र आहे का, हे आधी पाहा. नाहीतर अकोल्यापर्यंत जावे लागेल. आणि सिरीज एसला डिस्क घालायची फटच नाही, हे घेण्याआधी समजून घ्या.

एक गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. २०१७ मध्ये जीएसटी लागू झाला तेव्हा सरकारने व्हिडिओ गेम कन्सोलवर २८ टक्के कर लावला आणि कॉम्प्युटरवर १८. एक चैनीचे खेळणे, दुसरे कामाचे साधन, असा तो सरळ निवाडा होता. सरकारचे सगळेच निवाडे आम्ही मनावर घेत नाही, पण घरातले चित्र याहून फार वेगळे नसते. डबा टीव्हीखाली आला की तो एकाचा होतो, बहुतेक वेळा मोठ्या मुलाचा. पीसी आला तर त्याच्यावर बहिणीचा सीईटीचा सराव होतो, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला जातो, अब्बांच्या दुकानाचे बिल टाइप होते, अम्मीच्या शिवणकामाची डिझाइन उघडतात. बहीण मोबाइलच्या चार बोटांच्या पडद्यावर फॉर्म भरत बसली आहे आणि भाऊ पंचावन्न हजारांच्या यंत्रावर राक्षस मारतो आहे, हे आम्ही पाहिलेले आहे. मुलगी तोंडाने काही बोलत नाही. ईदीचे पैसे तिचेही जमलेले असतात, ते कुठे गेले हे कोणी विचारत नाही. आमच्या मताचे खरे कारण हे आहे, बाकीचे मुद्दे त्याच्या मागून येतात.

त्यातही पीसी घरात आला म्हणजे आपोआप सगळ्यांचा होतो असे नाही. मुलाच्या खोलीत दार लावून ठेवला तर तोही डबाच. तो बैठकीत किंवा ओसरीच्या कोपऱ्यात ठेवा, पडदा येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. मुलीच्या वेळा आधी ठरवा, उरलेल्या वेळेत खेळ. या बाबतीत कन्सोल खरे तर बरा, तो टीव्हीला असल्याने सगळ्यांसमोर असतो. पण मग दादीअम्मांची मालिका आणि क्रिकेटची मॅच यांच्याशी भांडण, ते वेगळेच.

वीज आणि ऊन. कन्सोलची जाहिरात करणाऱ्यांनी वैशाखातला विदर्भ पाहिलेला नसतो. पीएस५ खेळताना साधारण २०० वॉट घेते, म्हणजे शंभर तासांच्या गेमला वीस युनिट, वर टीव्ही वेगळा. बिलाचे ओझे मोठे नाही. त्रास आहे तो अचानक जाणाऱ्या विजेचा. गेम साठवला जात असतानाच वीज गेली तर साठवण बिघडू शकते आणि चाळीस तासांची मेहनत हातची जाते. पीसीवर साठवलेल्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवता येतात. पीएस५च्या गेमची साठवण अशी पेन ड्राइव्हवर घेता येत नाही, तिची दुसरी प्रत ठेवायला सोनीची वर्गणी भरावी लागते. एक्सबॉक्सवर ती सोय फुकट आहे. पीसीला यूपीएस हवाच. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस साधारण ३६० वॉट सोसतो, मधल्या ताकदीच्या पीसीला गेम साठवून बंद करण्यापुरती पाच मिनिटे मिळाली तरी पुष्कळ. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचे बटण ‘यूपीएस’ वर आहे का बघा. नसेल तर वीज जाता-येताना पीसी बंद पडून पुन्हा सुरू होईल आणि दोष कॉम्प्युटरवाल्याला लागेल.

यंत्र कोणतेही असो, शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवू नका. आणि कूलरच्या तोंडासमोर तर नाहीच. थंड हवा लागेल असे वाटते, पण ती हवा ओली असते. धूळ आणि ओल एकत्र आली की आतल्या पंख्यावर चिखल बसतो.

मग इंटरनेट. ‘बाल्डर्स गेट ३’ला १५० जीबी जागा लागते. रोज दीड जीबीचा मोबाइल पॅक असेल तर हिशोब करा: दुसरे काहीही न पाहता शंभर दिवस. फायबरची जोडणी नसेल तर मोठ्या नव्या गेमचा विषयच काढू नका. डिस्क घेतली तरी वरची दुरुस्ती बऱ्याचदा डाउनलोड करावीच लागते. याउलट २०११ चा ‘स्कायरिम’ निघाला तेव्हा त्याला सहा जीबी जागा आणि दोन जीबी रॅम पुरत होती. घरात एखादा जुना पण बरा पीसी पडून असेल तर मुलाची हौस आधी अशा गेमवर तपासून पाहा. पन्नास तास त्यात टिकला तर हौस खरी. दोन आठवड्यांत कंटाळला तर तुमचे पंचावन्न हजार वाचले.

वय मात्र बघा, आणि हे अम्मींसाठी विशेष. युरोपात गेमच्या वेष्टनावर वयाचा आकडा छापतात. ‘स्कायरिम’, ‘विचर ३’, ‘बाल्डर्स गेट ३’ या तिघांवर १८ आहे, ‘एल्डन रिंग’वर १६, ‘हॉगवर्ट्स लेगसी’वर १२. ‘विचर ३’मध्ये उघड दृश्ये आहेत. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये नग्नता झाकण्याची सोय सेटिंगमध्ये दिली आहे, पण प्रसंग तिथेच राहतात. जादू म्हणजे लहान मुलांचे, असा समज करून घेऊ नका. पीएस५ आणि एक्सबॉक्सवर पालकांचे खाते काढून वय आणि तास बांधता येतात. विंडोजवरही मायक्रोसॉफ्टची तशी सोय आहे, फक्त ती लावायला कन्सोलपेक्षा जरा जास्त वेळ बसावे लागते.

भाषेचेही असेच. या खेळांत वाचायला प्रचंड असते, आणि सगळे इंग्रजीत. ‘विचर ३’ अरबीत वाचता येतो, मराठी-हिंदीत नाही. मराठी किंवा उर्दू माध्यमातल्या मुलाला हे आधी जड जाईल, पण शब्दकोश घेऊन बसणारा मुलगा यातून इंग्रजी शिकतो, हेही खरे. टीव्हीवर तख्तावरून ती बारीक अक्षरे दिसत नाहीत. पीसीचा पडदा हातभर अंतरावर असतो, म्हणून वाचून खेळायचा गेम तिथेच बरा.

पेन ड्राइव्हमध्ये शंभर रुपयांत ‘भरून’ मिळणाऱ्या गेमबद्दल आमचे म्हणणे थोडक्यात. पीसीवाल्यांना हा मोह फार. कोणाच्या तरी चार-पाच वर्षांच्या मेहनतीची ती चोरी आहे. दुकानातून किलोभर साखर उचलून आणण्यात आणि यात फरक करता येत नाही. शिवाय त्यातून व्हायरस येतो, आणि त्याच पीसीवर बँकेचे काम होत असते. सवलतीची वाट पाहा, जुना गेम घ्या.

आणखी एक. पुण्यात नॉडिंग हेड्स नावाच्या छोट्या कंपनीने ‘राजी’ हा गेम केला. प्राचीन भारतातली एक मुलगी हरवलेल्या भावाला शोधायला निघते, पुराणकथांची पार्श्वभूमी आहे. तो रोल-प्लेइंगपेक्षा लढाईचा आणि लहान आहे. ऑगस्ट २०२० मध्ये तो आधी निन्टेंडोच्या स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये पीसी, पीएस४ व एक्सबॉक्सवर. पण बनला कशावर? कॉम्प्युटरवर, अनरिअल इंजिन वापरून, जे शिकण्यासाठी फुकट उतरवून घेता येते. चित्रे घडवायचे ब्लेंडरही फुकट. कन्सोलवर खेळणारा मुलगा खेळणाराच राहतो. पीसीवरच्या मुलाला कधीतरी गेमची फाइल उघडून आत काय आहे ते बघावेसे वाटते, आणि मुलीलाही वाटते.

ज्यांचे मामू किंवा चाचा दुबई-सौदीहून कन्सोल आणणार आहेत त्यांच्यासाठी शेवटचे. डब्याची वॉरंटी इथे चालेलच असे धरू नका. पीएस५च्या डिस्क कुठल्याही देशाच्या चालतात, पण त्या गेमचा वाढीव भाग विकत घ्यायचा तर खाते त्याच देशाचे लागते. बिघडलाच तर पीसीचा पॉवर सप्लाय वाशिममध्ये बदलून मिळेल. कन्सोल मात्र मोठ्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरकडे पाठवावा लागतो. पीसी इथेच जुळवून घेणार असाल तर प्रत्येक भागाचे बिल वेगळे मागा आणि ग्राफिक्स कार्डाचा खोका माळ्यावर टाकून द्या, रद्दीत देऊ नका. वॉरंटीला त्यावरचा सिरियल नंबर लागतो.