उजेडाची दोरी

शिरूर म्हटलं की हॉस्टेलवर सगळ्यांना पुण्याजवळचं, घोडनदीचं शिरूर आठवतं. माझं शिरूर ते नव्हे. माझं शिरूर कासार, जिल्हा बीड, सिंदफणेच्या काठचं. दहावीपर्यंत सगळं शिक्षण मराठीत झालं, अकरावीला सायन्स घेतलं आणि एका सुट्टीत सगळी पुस्तकं इंग्रजी झाली!

अकरावीच्या फिजिक्समध्ये एक गणित होतं. एक पुली, दोन वजनं आणि ‘लाइट स्ट्रिंग’. स्ट्रिंग म्हणजे दोरी, हे डिक्शनरीत सापडलं. लाइट शोधायची गरजच नव्हती. आमच्याकडे लाइट म्हणजे रोज जाणारी वस्तू, आणि पुस्तकात लाइट म्हणजे प्रकाश. मी वहीत लिहिलं, ‘उजेडाची दोरी’. गणित तिथंच अडलं. लाइट म्हणजे हलकी, इतकी हलकी की तिचं वजन धरायचंच नाही, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर वर्ग हसला असता ना!

आज मलाही हसू येतं. पण त्या दोरीनं मला एक गोष्ट शिकवली. आपलं इंग्रजी बोलण्यात अडतं असं आपण समजतो. खरं तर ते आधी वाचण्यात अडतं.

फर्स्ट इयरला आलो तेव्हा अर्ध्या विंगनं स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला होता. कॉलेजातही कम्युनिकेशन स्किल्समध्ये ग्रुप डिस्कशन झालं, रेझ्युमे झाला, टाय कसा बांधायचा तेही झालं. पण मेकॅनिक्सच्या पुस्तकाचं एक पान कुणी आमच्याबरोबर बसून वाचलं नाही. आणि परीक्षा कशाची असते? तीन तास पेपर वाचायचा आणि लिहायचा. प्रश्नच कळला नाही तर फॉर्म्युला पाठ असून काय उपयोग? माझी पहिली केटी अशीच लागली.

बरं, अडवणारे शब्द कोणते? टॉर्क, एन्ट्रॉपी हे नव्हेत. ते कॉन्व्हेंटवाल्यालाही नवेच असतात, सर ते फळ्यावर लिहून समजावतात. अडवतात ते मधले शब्द. अझ्यूम, ऑब्टेन, हेन्स, नेग्लेक्ट, प्रोव्हायडेड दॅट. हे आपल्याला येतातच असं धरून सगळे पुढं जातात. ‘प्रोव्हायडेड’ म्हणजे ‘पुरवलेले’ एवढंच ठाऊक असेल तर ‘या अटीवर’ हा अर्थ निसटतो, आणि अट निसटली की उत्तर चुकलं.

ओळखीचे शब्द तर जास्तच फसवतात. मोमेंट म्हणजे क्षण, पण मेकॅनिक्समध्ये आघूर्ण. कपल म्हणजे जोडपं, इथं बलयुग्म. मीन म्हणजे नीच, स्टॅटिस्टिक्समध्ये सरासरी. यात इंग्रजीचा दोष नाही, आपल्याकडेही तेच आहे. ‘कोयता’ शब्द शब्दकोशात पाहिलात तर हत्यार दिसेल. पण आमच्या भागात ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. परगावच्या माणसाला हे एकटा शब्दकोश सांगणार नाही, त्या धंद्यातलं वाक्यच सांगेल. म्हणून शब्द सुटा पाठ करू नये, वाक्यासकट उचलावा.

पण असे शब्द किती असणार, म्हणून घाबरू नका. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठातल्या पुस्तकांतून अशा शब्दांची यादी काढली. नेहमीचे दोन हजार शब्द वगळून ५७० शब्दकुळं निघाली. अझ्यूम, ऑब्टेन, हेन्स ही मंडळी त्यात आहेत. रोज दोन धरली तरी वर्षाच्या आत यादी संपते. आपण पिक्चरवर घालवतो त्यापेक्षा कमी वेळ!

आधी वाचन, हा विचारही नवा नाही. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षक १९२०च्या दशकात ढाक्याला होते. त्यांचं बंगाली मुलांबद्दलचं म्हणणं असं, की बरीच मुलं शाळा मध्येच सोडतात. विम्याचे हप्ते मध्येच थांबले तरी हाती काहीतरी पडतं, तसं शिक्षण अर्धवट राहिलं तरी हाती काय उरतं ते बघा. अर्धंमुर्धं बोलणं विसरून जातं. वाचायला आलं असेल तर मूल पुढं आपलं आपण शिकतं.

हे वाचलं तेव्हा मला माझा तालुका दिसला. दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्राकडं, कर्नाटकाकडं टोळ्या निघतात. मुलं आजीजवळ, सोय असेल तिथं हंगामी वसतिगृहात, नाहीतर आईबापाबरोबर फडात. अर्धं वर्ष असंच जातं. महाराष्ट्रानं २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणलं, चांगलं केलं. पण कविता तोंडपाठ असलेल्या पोराला एक नवं पान वाचून कळतं का, हा प्रश्न राहतोच.

कुणी म्हणेल, मराठीतूनच इंजिनिअरिंग करा. २०२१ मध्ये एआयसीटीईनं परवानगी दिली, पिंपरी चिंचवडच्या कॉलेजात मराठीतून कॉम्प्युटरचा वर्ग सुरूही झाला. मला त्याचा आनंदच आहे. पण मशीनचं मॅन्युअल आणि डेटाशीट उद्या इंग्रजीतच समोर येणार. तेव्हा वाचन कुणालाच चुकत नाही.

मग करायचं काय? सरांना एक विनंती. पहिल्या सेमिस्टरला सूत्राकडं जाण्याआधी गणित मोठ्यानं वाचून घ्या आणि प्रत्येक ओळीत काय दिलंय ते विचारा. दहा मिनिटं जातील, पण पुढचे तास वाचतील.

आणि आपण? नववी-दहावीचं बालभारतीचं विज्ञानाचं इंग्रजी पुस्तक घ्या, शेजारी तेच मराठीतलं ठेवा. नेटवर दोन्ही फुकट मिळतात. जाणकार सांगतात की शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असले तरच वाचन सुखाचं होतं. आपल्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकात ते होत नाही. इथं मात्र मजकूर आधीच डोक्यात असतो, नवे राहतात फक्त शब्द. वहन, वाहक, वाहकता येत असेल तर कंडक्ट, कंडक्टर, कंडक्टिव्हिटी वेगळे पाठ करावे लागत नाहीत. मराठी माध्यम ही आपली शिदोरी आहे. ती लपवायची कशाला?

मागच्या दिवाळीनंतर गावी होतो. शेजारची अकरावीतली मुलगी पुस्तक घेऊन आली. आईवडील कारखान्यावर गेलेले. म्हणाली, “दादा, स्मूथ म्हणजे गुळगुळीत ना? मग पृष्ठभाग गुळगुळीत आहे हे गणितात कशाला सांगितलंय?” मी म्हटलं, “म्हणजे घर्षण धरायचं नाही.” ती जरा थांबली आणि म्हणाली, “मग तसं लिहायचं ना!” तिनं ते गणित पाच मिनिटांत सोडवलं.

तिनं विचारलं, मी विचारलं नव्हतं. फरक एवढाच.

आम्ही सातजण दर बुधवारी मेसनंतर रीडिंग रूममध्ये बसतो. एक पान मोठ्यानं वाचतो, अडलं की थांबतो. उच्चार चुकतात, चुकू देत. ज्याला यायचं असेल त्यानं यावं. ज्याला हसायचं असेल त्यानं बाहेर हसून मग आत यावं!

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी