चकाकी हा पुरावा नव्हे : प्रूफ नाणे आणि चलनी नाणे

१/ जुन्या नाण्यांच्या बाजारात ‘प्रूफ’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. नाणे चकाकत असले की विक्रेता त्याला प्रूफ म्हणतो आणि नवखा संग्राहक विश्वास ठेवतो. त्यात खिशाला चाट बसतेच. पण त्याहून मोठे नुकसान इतिहासाचे होते. #थ्रेड

२/ प्रूफ ही नाण्याची अवस्था नव्हे, ती घडवण्याची पद्धत आहे. टाकसाळीत चकचकीत केलेले साचे आणि निवडक चकत्या घेऊन, अधिक दाबाने, बहुधा एकाहून अधिक वेळा ठसा मारला जातो. चलनी नाणी मात्र वेगवान यंत्रावर एकाच ठशात पाडली जातात आणि एकमेकांवर आदळत पोत्यात जातात.

३/ म्हणूनच प्रूफ नाणे हातोहात फिरून झिजले तरी ते प्रूफच राहते. चलनी नाणे कापसात जपले तरी ते प्रूफ होत नाही.

४/ ओळखावे कसे? आधुनिक प्रूफ नाण्याची मोकळी जागा आरशासारखी असते, उठावाचे चित्र बहुधा दुधी दिसते, अक्षरांच्या कडा धारदार असतात. कोऱ्या चलनी नाण्याची झळाळी निराळी. ते दिव्याखाली तिरपे फिरवले की प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांप्रमाणे फिरतात. ठसा पडताना धातू कडेकडे सरकतो, त्यातून उमटलेल्या सूक्ष्म रेषांचा हा परिणाम.

५/ घासून चकचकीत केलेल्या नाण्यावर या दोन्ही गोष्टी नसतात. राजाचे केस, मुकुट, गाल असे उंच भाग झिजलेले आणि तरीही सारा पृष्ठभाग सारखाच चमकणारा, ही विसंगती फसवणूक उघड करते. भिंगाखाली एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडेही दिसतात.

६/ स्वतंत्र भारताच्या नाण्यांबाबत सालाखालची खूण मदतीला येते. मुंबई टाकसाळीच्या चलनी नाण्यांवर हिरा किंवा टिंब असते. तिथल्या प्रूफ संचांतील नाण्यांवर आधी ‘बी’ आणि पुढे ‘एम’ हे इंग्रजी अक्षर आढळते. अर्थात केवळ खुणेवरून निकाल देऊ नये; पृष्ठभागाचीही साक्ष काढावी.

७/ चकाकी हा निकष किती कच्चा आहे, हे १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकानिमित्त ब्रिटनमध्ये निघालेल्या प्रूफ संचाने दाखवून दिले. त्यातील नाणी मुद्दाम मंद, निस्तेज पृष्ठभागाची होती. ती प्रूफच होती, फक्त चकाकत नव्हती.

८/ आणखी एक सापळा आहे. ब्रिटिश भारतातील काही प्रूफ नाणी संग्राहकांसाठी टाकसाळीतच पुढे अनेक वर्षांनी पुन्हा पाडली गेली. म्हणजे नाण्यावर कोरलेले साल हे ते घडल्याचे साल असेलच, असे नाही. कागदपत्राइतकीच चिकित्सा नाण्याचीही करावी लागते.

९/ आता मूळ मुद्दा. प्रूफ नाणे राज्यसत्तेला स्वतःचा चेहरा कसा दाखवायचा होता ते सांगते. चलनी नाणे त्या चेहऱ्याचे बाजारात काय झाले ते सांगते. व्हिक्टोरियाच्या चांदीच्या रुपयाचे ठरलेले वजन ११.६६ ग्रॅम. हातात आलेला रुपया त्याहून हलका भरला, तर ती तूट बहुधा हजारो हातांच्या स्पर्शाची असते. सराफाने पारखताना केलेली खूण, माळेत ओवण्यासाठी जोडलेल्या कडीचा डाग हीदेखील साधनेच आहेत.

१०/ महाराष्ट्रात अनेक घरांत लक्ष्मीपूजनासाठी आजी-पणजीचे रुपये निघतात आणि पूजेआधी चिंच, लिंबू किंवा राखेने लख्ख घासले जातात. भावना शुद्ध असते, पण प्रत्येक घासणीबरोबर धातूचा पातळ थर जातो आणि त्याबरोबर वरील खुणाही.

११/ देवापुढची वस्तू स्वच्छ असावी, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी साधे पाणी आणि न घासता टिपून घेणारे मऊ कापड पुरेसे आहे. धूळ जावी, चांदीवर काळानुसार चढलेली करडी छटा मात्र राहू द्यावी.

१२/ बाजाराने चकाकीला भाव दिला म्हणून घरोघरची नाणी घासली जावीत, हे परवडणारे नाही. प्रूफ नाणी पेट्यांमध्ये सुरक्षित आहेत. संरक्षणाची खरी गरज आहे ती झिजलेल्या, काळवंडलेल्या त्या रुपयाला, कारण त्याच्यासारखाच झिजलेला दुसरा रुपया कोणत्याही टाकसाळीला पाडता येणार नाही.