ग्लुटेन-फ्रीचा स्टिकर छापण्याआधी तुमची चक्की बघा



मिलेटच्या व्यवसायावरच्या व्हिडिओत मी ग्लुटेन-फ्रीचा विषय मुद्दाम बाजूला ठेवला होता. हा विषय लिहूनच सांगावा असा आहे. यात आकडे आहेत, आणि ते घाईत ऐकले की माणूस अर्धेच लक्षात ठेवतो.

माझं मत आधी सांगून टाकतो, पटलं नाही तरी पुढे वाचा. ज्वारीचं पीठ, नाचणीचे लाडू, बाजरीच्या खाकऱ्याचा धंदा सुरू करणारे बरेच जण पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' छापायला उतावीळ असतात. ज्वारीत ग्लुटेन नसतंच, मग छापायला काय हरकत? हरकत आहे. ज्वारीत नसतं, पण तुमच्या ज्वारीच्या पिठात असू शकतं. आणि त्या दोन शब्दांवर विश्वास ठेवून ते पाकीट घेणारा एक माणूस असा असतो, ज्याच्यासाठी ही फॅशन नाही, ते त्याचं औषध आहे.

त्या माणसाला सिलिअॅक डिसीज असतो. गहू, जव (म्हणजे सातू) आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. सिलिअॅक असलेल्याने ते खाल्लं की त्याचं स्वतःचंच शरीर लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करतं. अन्न शोषून घेणारे आतड्यातले बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. मग जेवण पोटात जातं, पण अंगी लागत नाही. जुलाब, पोट फुगणं, लोहाच्या गोळ्या घेऊनही न हटणारा अॅनिमिया, मुलांची उंची खुंटणं, हाडं ठिसूळ होणं. यावर गोळी नाही. ग्लुटेन आयुष्यभर बंद, एवढाच उपचार. पण तो पाळला तर माणूस बरा राहतो, नोकरी करतो, लग्न करतो, सगळं करतो.

हे कळलं कसं, तेही ऐकण्यासारखं आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण अन्नटंचाई झाली, पाव मिळेनासा झाला. देश उपाशी होता, पण ही आजारी मुलं मात्र सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा बिघडली. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आधीपासून होता. त्याने १९५० मध्ये त्यावर प्रबंध लिहिला.

माझ्या धाकट्या बहिणीला सिलिअॅक आहे. विठ्ठलवाडीला आमचं दुकान, ती रोज लोकलने मुंबईला नोकरीला जाते. डब्यात भाकरी, तांदळाचं घावन, कधी इडली. ऑफिसात कोणाला सांगितलं नाही तर कळतही नाही. तिला त्रास होतो तो आजाराचा नाही, 'थोडंसं खाल्लं तर काय होतंय' या वाक्याचा. होळीला पुरणपोळी, लग्नात जिलेबी, सत्यनारायणाचा शिरा. प्रसादाला नाही म्हणणारी मुलगी आमच्याकडे शिष्ट ठरते. आणि गंमत बघा, आषाढी एकादशीला ती घरातल्या सगळ्यांसारखंच ताट घेऊन बसते. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू, यांत कुठेच गहू नाही. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण तिला तंतोतंत लागू.

म्हणजे आपल्या मराठी स्वयंपाकघरात तिला खायला भरपूर आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, आंबोळी, उकडीचे मोदक. परदेशातल्या माणसाला महागडा ग्लुटेन-फ्री ब्रेड शोधावा लागतो, आपल्याकडे सोलापूरची कडक भाकरी महिना महिना टिकते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर जीआय मानांकन आहे. मग अडतं कुठे? अडतं ते दुकानात, चक्कीवर आणि पोळी-भाजी केंद्रात. म्हणजे तुमच्या-माझ्याकडे.

आता तो आकडा. एफएसएसएआयच्या नियमानुसार 'ग्लुटेन-फ्री' म्हणायचं तर एका किलो मालात ग्लुटेन २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. २० मिलिग्रॅम म्हणजे किती? गव्हाच्या पिठात ढोबळमानाने दहावा भाग ग्लुटेन धरा. म्हणजे २०० मिलिग्रॅम गव्हाचं पीठ. चिमूटभर! एक किलो ज्वारीच्या पिठात चिमूटभर कणीक मिसळली की तुमचं लेबल खोटं झालं.

आता तुमच्या कोपऱ्यावरची चक्की डोळ्यांसमोर आणा. सकाळपासून गहू दळला जातोय. दगडात, कापडी पिशवीत, डब्याच्या कडेला पीठ. तुमची ज्वारी आली की चक्कीवाले काका पहिलं मूठभर पीठ बाजूला काढतात आणि म्हणतात, 'घ्या, साफ झाली.' त्यांचा काही दोष नाही, नेहमीच्या गिऱ्हाइकाला तेवढं पुरतं. पण चिमटीचा हिशोब तिथे केव्हाच संपलेला असतो.

दळणाच्या पुढेही गहू लपलेला असतो, आणि इथे भल्याभल्यांची दांडी उडते. हिंग घ्या. बाजारातला बांधानी हिंग शुद्ध नसतो, त्यात डिंक आणि पीठ घातलेलं असतं, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. डबी उलटून घटक वाचा. तांदळाचं पीठ घातलेला हिंगही मिळतो, तो शोधावा लागतो. म्हणजे साधं वरणसुद्धा फोडणीमुळे बाद होऊ शकतं! थालीपिठाच्या भाजणीत अनेक घरांत गहू असतो. मेतकुटात असतो. सातूच्या पिठात बऱ्याचदा जव असतो. उन्हाळी वाळवणात उडदाचा पापड त्यातला हिंग तपासूनच चालतो, आणि कुरडई तर गव्हाची. बोंबील-सुरमई रव्यात घोळवून तळतात, रवा म्हणजे गहूच. वडापावातला पाव सोडाच, वड्यालाही हिंग आणि समोशाचं तेल लागलेलं असतं. सोया सॉसमध्ये गहू असतो, म्हणून 'भातच आहे, खा की' म्हणून दिलेला शेझवान राइसही चालत नाही.

मग कोणी म्हणेल, दादा, एवढ्या भानगडीत गिऱ्हाईक किती? रास्त प्रश्न आहे, धंदा करणाऱ्याने विचारलाच पाहिजे. २०१६ मध्ये देशातल्या तीन भागांतल्या प्रौढांची तपासणी करून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिल्ली-हरियाणाच्या पट्ट्यात सिलिअॅकचं प्रमाण १.२३ टक्के, आसामात ०.८७, वेल्लोरकडे ०.१०. आजाराला लागणारी जनुकं तिन्हीकडे साधारण सारख्याच प्रमाणात, फरक होता तो गहू खाण्यात. महाराष्ट्र त्या अभ्यासात नव्हता. पण ढोबळ अंदाज बांधता येतो. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीत साडेबारा लाखांच्या आसपास आणि उल्हासनगरात पाच लाखांवर माणसं होती. साडेसतरा लाख धरा. दक्षिणेचा कमी दर लावला तरी साधारण १,७५०, उत्तरेचा लावला तर २१,५००. आपण मध्ये कुठेतरी असणार. कॅम्पातल्या सिंधी घरांत कोकी, फुलका, दाल-पकवान म्हणजे दोन्ही वेळेला गहू, आणि आपल्या मराठी घरांतही भाकरी मागे पडून पोळी पुढे आली. पण थांबा, हे आकडे म्हणजे तुमची गिऱ्हाइकं नव्हेत. यातल्या बहुतेकांना आपल्याला काय झालंय हेच माहीत नसतं. निदान झालेली घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी सापडतील. हजार पाकिटांचा धंदा पहिल्या वर्षी यातून मिळणार नाही.

मिळेल ते दुसरंच. हे गिऱ्हाईक एकदा आलं की जात नाही. त्याला दर महिन्याला पीठ लागतंच, ते आयुष्यभर लागतं, आणि एकाला खात्रीचं दुकान सापडलं की तो बाकीच्या चौघांना सांगतो. माझ्या दुकानात एक ताई टिटवाळ्याहून येतात. पहिल्या दिवशी त्यांनी दर विचारलाच नाही. विचारलं, 'दादा, हे कुठल्या चक्कीवर दळलं?' या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे असेल तर पुढे जा.

म्हणजे काय करायचं? वेगळी घरघंटी घ्या आणि तिच्यात गव्हाचा दाणा कधीही जाऊ देऊ नका, शेजारणीने कितीही आग्रह केला तरी. दुसऱ्याची जुनी घरघंटी स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नका, ती गहू दळलेलीच असणार. धान्य आणून निवडा, कारण पोत्यात गव्हाचे दाणे येतात. चाळणी, डबे, मापं, पॅकिंगचं टेबल सगळं वेगळं. गव्हाचं पीठ तासन्‌तास हवेत तरंगतं, म्हणून एकाच खोलीत दोन्ही कामं नकोत. आणि मग एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबमध्ये माल तपासून घ्या. रिपोर्ट आल्यावर स्टिकर छापा, आधी नाही. खोट्या लेबलला अन्न सुरक्षा कायदा, २००६ मध्ये तीन लाखांपर्यंत दंड आहे, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत.

दराबद्दलही माझं मत ठाम आहे. काही ट्रेनर सांगतात, 'ग्लुटेन-फ्री लिहा आणि दुप्पट लावा.' मला हे पटत नाही. वेगळी घरघंटी, निवडणीची मजुरी, तपासणीची फी हा खरा खर्च आहे, तो दरात घ्या, लाजू नका. उदाहरणासाठी, तपासणीला वर्षाला १२,००० रुपये गेले आणि तुम्ही महिन्याला १०० किलो विकलंत, तर किलोमागे दहा रुपये आले. ते गिऱ्हाइकाला सांगा, तो आनंदाने देईल. पण त्याला दुसरीकडे जाता येत नाही म्हणून वरचे चाळीस लावणं हा नफा नाही, अडवणूक आहे.

हे सगळं ज्यांना झेपत नाही त्यांनी धंदा करू नये असं मी म्हणत नाही. ज्वारीचं पीठ विका, नाचणीचे लाडू विका, 'मिलेट' म्हणा, 'पौष्टिक' म्हणा. फक्त ते दोन शब्द छापू नका. पोळी-भाजी केंद्र असेल तर भाकरीचा तवा, परात आणि पीठ वेगळं ठेवा, भाकऱ्या कणकेचा डबा उघडायच्या आधी करून घ्या, आणि तरीही विचारणाऱ्याला स्पष्ट सांगा की इथे गहू वापरला जातो. पाकीटबंद मालात गहू असेल तर 'गहू आहे' हे लेबलवर लिहिणं तसंही बंधनकारक आहे.

एक गोष्ट धंद्याबाहेरची. हे वाचून कुणाला स्वतःची किंवा मुलाची शंका आली तर उद्यापासून गहू बंद करू नका. आधी डॉक्टरकडे जा. सिलिअॅकची रक्ततपासणी आणि आतड्याची बायोप्सी गहू खात असतानाच नीट कळते. गहू आधीच सोडला तर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो आणि आजार आत तसाच राहतो. आमच्याकडे बहिणीचा रिपोर्ट येईपर्यंत आईने तिला रोज दोन पोळ्या खायला लावल्या होत्या, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. त्यानंतर आजतागायत एकही नाही.