दर्याला श्रीफळ आणि दर्याला हलाहल

आज नारळी पौर्णिमा. आषाढापासून खवळलेला दर्या आता हळूहळू निवू लागेल. कोळीवाड्यांतून वाजतगाजत मिरवणुका निघतील, वरुणदेवतेला नारळ अर्पण होईल आणि किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या होड्या पुन्हा पाण्यात लोटल्या जातील. ज्याच्या उदरातून अन्न मिळते त्याच्यापुढे आधी मस्तक नमवावे, मगच जाळे टाकावे, हा या सणाचा गाभा. परंतु एका हाताने श्रीफळ देणारे आपण दुसऱ्या हाताने त्याच दर्याला काय देतो, याचा विचार आजच्या पवित्र दिवशी करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पावसाळ्यातील मोठ्या उधाणानंतर मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर याचे उत्तर पाहावयास मिळते. लाटा पिशव्या, बाटल्या आणि वेष्टणे यांचा खच रस्त्यावर आणून टाकतात. संस्कृतात ‘वेला’ म्हणजे किनारा आणि ‘वेला’ म्हणजे मर्यादाही. समुद्र वेला ओलांडीत नाही, म्हणून पूर्वसूरींनी त्याला मर्यादेचा आदर्श मानले. आज मर्यादा सुटली आहे ती आपली.

शास्त्रज्ञांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार एकट्या २०१० या वर्षी जमिनीवरून समुद्रात गेलेले प्लॅस्टिक ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन होते. हा पदार्थ फुलापानांसारखा कुजत नाही. ऊन आणि लाटा यांच्या माऱ्याने त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात आणि ते कण मासे गिळतात. मार्च २०१९ मध्ये फिलिपाइन्सच्या किनाऱ्यावर मेलेल्या एका देवमाशाच्या पोटातून सुमारे ४० किलो प्लॅस्टिक निघाले. पूर्वीची सुताची जाळी पाण्यात विरून जात. आताचे तुटलेले नायलॉनचे जाळे धनी नसतानाही वर्षानुवर्षे पारध करीतच राहते.

कासवाची गोष्ट तर अधिकच जिव्हारी लागणारी आहे. आपल्या देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते. त्याला नमस्कार केल्यावाचून आपण पुढे जात नाही. समुद्रमंथनाच्या वेळी मंदार पर्वत पाठीवर तोलून धरणारा तो कूर्मावतार, अशी आपली श्रद्धा आहे. आणि जिवंत कासव पाण्यात तरंगणारी पिशवी जेलीफिश समजून गिळते व प्राणास मुकते. दगडाच्या कासवाला वंदन आणि जिवंत कासवाला विष, ही कोणती भक्ती? रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावाने या प्रश्नाला कृतीने उत्तर दिले. तेथे २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या साहाय्याने ग्रामस्थांनी कासवांची अंडी राखली आणि पिल्ले समुद्रात सोडली. आमच्या मते हीसुद्धा कूर्मपूजाच होय.

दोष केवळ कारखानदारांचा किंवा शहरांचा आहे, असे म्हणून आम्हा धार्मिकांना सुटता येणार नाही. निर्माल्य पिशवीत बांधून ती पिशवी गाठीसकट नदीत सोडणारे हात भाविकांचेच असतात. प्रसाद प्लॅस्टिकमधून वाटला जाताना व्यासपीठावरून आम्हीही अनेक वर्षे निमूटपणे पाहत आलो, याची कबुली दिलीच पाहिजे. आपले गाव किनाऱ्यापासून दूर आहे, ही सबबही टिकत नाही. पंढरीच्या चंद्रभागेचे पाणी पुढे कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. नदीला दिलेले ते सागराला दिलेले, हा पाठ आपण लहानपणीच शिकलो आहोत.

महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदीचा आदेश निघाला. एकदाच वापरून फेकावयाच्या काही वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली. तरीही देवळाबाहेर हार पिशवीतूनच हाती येतो. फूलवाल्या गरिबाला दोष देणे सोपे आहे, परंतु आपण पिशवी मागतो म्हणून तो ती देतो. कायदा उंबरठ्याशी थांबतो, त्याच्या आत आचाराचे राज्य असते.

मंथनातून हलाहल निघाले तेव्हा ते कंठी धारण करणारा शंकर होता. आपल्या सोयीच्या मंथनातून निघालेले हलाहल कोणी प्यावे? ते मुक्या जलचरांच्या गळ्यात उतरते आहे, आणि तेथेच थांबलेलेही नाही. २०१८ साली मुंबईच्या आय. आय. टी.तील संशोधकांना भारतीय समुद्रमिठाच्या नमुन्यांत प्लॅस्टिकचे कण आढळले. आपल्या पानात पहिल्याने वाढले जाते ते मीठच. दर्याला दिलेले दर्याने पानात परत वाढले आहे.

म्हणून आज नारळ वाहताना तो चकचकीत वेष्टणाविना वाहावा. निर्माल्य झाडाच्या बुंध्याशी जावे, देवस्थानांनी त्याच्या खताची व्यवस्था करावी, आणि फाटलेले जाळे दर्यात न टाकता होडीतून परत आणावे. एवढे झाले तर आजचे सागरपूजन वरुणदेवतेपर्यंत पोहोचेल, असा आमचा विश्वास आहे.