गाडीला हार घातला, ब्रेकचं तेल कोण बघणार?



चार दिवस झाले, थंडी चांगली पडलीये. भात झोडून झालं, पेंढ्याची उडवी रचून झाली. खाचरात कुळीथ आणि पावटा वर आलाय. आंब्याला कुठं कुठं मोहोर दिसायला लागलाय, त्यामुळं सकाळी उठलं की पहिली नजर धुक्याकडं जाते. धुकं रेंगाळलं की मोहोराचं काय होतं ते बागवाल्यांना सांगायला नको.

पण आज शेतीवर लिहीत नाही. आज गाडीवर लिहितोय.

काल संध्याकाळी नाक्यावर चहा घेत होतो. कुंभार्ली घाट उतरून एक गाडी आली आणि कडेला थांबली. घाटावरचं कुटुंब होतं, गुहागरला निघालेलं. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर आणि जळका वास. चालवणारा भाऊ पाण्याची बाटली घेऊन तापलेल्या चाकावर ओतायला लागला. आम्ही दोघं-तिघं धावलो आणि त्याला थांबवलं. लालबुंद तापलेल्या लोखंडावर गार पाणी ओतलं तर ते वाकडं होतं, तडकतंही. त्याला म्हटलं, अर्धा तास बसा, चहा घ्या, आपोआप गार होईल. मागच्या सीटवर दोन लहान मुलं झोपलेली होती.

हा वास आम्हा पोफळीकरांना नवा नाही. डिसेंबर-जानेवारीत सुट्टीची गर्दी सुरू झाली की तो रोजचाच. आणि त्या भावाला मी हसलो नाही, कारण तीन वर्षांपूर्वी त्याच्या जागी मी होतो.

थोरल्या भावाचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्याला कराडहून घेऊन येत होतो. गाडीत आम्ही दोघं, वहिनी आणि माझी बायको. संध्याकाळची वेळ, हेळवाक मागं टाकलं, घाट सुरू झाला. रस्ता कोरडा, समोर गाडी नाही. भावाला धक्का बसू नये म्हणून मी सावकाश, ब्रेकवर पाय ठेवूनच उतरत होतो. काळजी घेतोय असंच वाटत होतं. अर्ध्या घाटात पेडल मऊ लागलं. पुढच्या वळणावर दाबलं तर सरळ खालपर्यंत गेलं. कापसावर पाय ठेवल्यासारखं. गाडी काही थांबेना.

तिसऱ्यातून दुसरा टाकला, इंजिन ओरडलं. मग पहिला. हँडब्रेक बटण दाबून धरून थोडा थोडा ओढला आणि दरीकडची बाजू सोडून डोंगराकडच्या गटारात चाक घातलं. बंपर गेला. माणसं वाचली. भाऊ डोळ्याला पट्टी बांधून बसलेला, त्याला काय झालं ते कळलंच नाही. वहिनी मात्र त्यानंतर दोन महिने गाडीत बसली नाही.

आता खरी गोष्ट पुढं आहे. अर्ध्या तासानं पेडल दाबून बघितलं तर ब्रेक एकदम व्यवस्थित! जणू काही झालंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडं नेली असती तर तोही म्हणाला असता, काका, ब्रेक तर छान आहे. नशिबानं मिस्त्री जुना होता. त्यानं बॉनेट उघडून ब्रेक तेलाची डबी दाखवली. तेल कोऱ्या चहासारखं काळं. विचारलं, कधी बदललंत? मी गप्प. गाडी घेऊन सहा वर्षं झाली होती. दर वर्षी इंजिन ऑइल बदलायचो, गाडी धुवून घ्यायचो आणि सर्व्हिसिंग झालं म्हणायचो. ब्रेकचं तेल बदलायचं असतं हेच माहीत नव्हतं. चूक कुणाची नाही, माझीच.

मिस्त्रीनं समजावलं ते इथं लिहितो. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढून घेतं, पावसाळ्यात मीठ ओलं होतं तसं. आपल्या कोकणात चार महिने दमट हवा, म्हणजे विचारायलाच नको. नवीन तेल दोनशे डिग्रीच्या वर तापलं तरी उकळत नाही. पाणी मुरलेलं तेल त्याच्या बरंच आधी, दीडशेच्या आसपास उकळायला लागतं. उकळलं की नळीत वाफ होते. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल खाली जातं आणि ब्रेक लागत नाही. गार झालं की वाफेचं परत तेल होतं आणि ब्रेक परत येतो. दोष लपून बसतो तो असा. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक तेल बदला, गाडी कमी चालली असली तरी. खर्च एका किरकोळ जेवणाच्या बिलाइतका.

घाटात एवढी उष्णता येते कुठून? आपल्या गावात वीजघर आहे म्हणून हा हिशोब आपल्याला सोपा जावा. कोयनेचं पाणी वरून बोगद्यातून साडेचारशे मीटरच्या वर खाली येतं आणि त्या पडण्याच्या जोरावर इथं वीज होते. आपली गाडीही घाटातून साधारण तेवढीच खाली उतरते. शेजारच्या पोरानं हिशोब करून दिला. माणसं-सामान धरून हजार किलोची गाडी साडेचारशे मीटर उतरली तर सव्वा युनिट विजेइतकी ताकद मोकळी होते. तेवढ्यात चौदा लिटरची गार पाण्याची बादली उकळते. काही ताकद वाऱ्यात जाते, गियरमध्ये असलो तर बरीच इंजिन खातं. गाडी न्यूट्रल केली की मात्र सगळं ओझं चार ब्रेकच्या डोक्यावर. आणि तरी आमचे काही शहाणे पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरतात! हल्लीच्या गाड्यांत गियरमध्ये उतरताना, एक्सलरेटर सोडला की इंजिन पेट्रोल घेणं जवळजवळ बंदच करतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. म्हणजे वाचत काहीच नाही, आणि जीव टांगणीला. काही जण तर चावीच बंद करतात. मग ब्रेकची मदत जाते, स्टिअरिंग जड होतं. असं करू नका रे बाबांनो.

एसटीवाल्याकडं बघा. घाट उतरताना एसटीचा आवाज येतो की नाही, घूंऽऽ करून? तो खालचा गियर आहे. ज्या गियरमध्ये चढलात त्याच गियरमध्ये उतरा, हा ड्रायव्हर लोकांचा जुना नियम आहे. ब्रेक वळणाआधी दाबायचा आणि सोडायचा. सारखा पाय ठेवून बसायचं नाही. मी तीच चूक केली होती.

आता माझं म्हणणं ऐका. आपण कोकणातली माणसं पावसाला भितो. मे महिन्यात वायपर बदलतो, टायर बघतो, पावसात घाटात हळू जातो. दरड कोसळेल म्हणून शक्यतो रात्री जातच नाही. भितो म्हणून वाचतो. आणि थंडीत? रस्ता कोरडा, हवा छान, तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू, पौषात पालच्या खंडोबाची यात्रा. गाडी धावते ती याच दिवसांत. पण धावते कशी? चार महिने पावसात भिजून, चिखल खाऊन, अंगणात उभी राहून, कुणी न बघता. माझ्या मते गाडीची खरी तपासणी पावसाच्या आधी हवी त्यापेक्षा पाऊस संपल्यावर जास्त हवी.

आणि त्याला दिवस ठरलेलाच आहे. दसरा! त्या दिवशी आपण गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो, नारळ फोडतो, लिंबू-मिरची बांधतो. नांगर, कोयत्याचीही पूजा करतो. पण कोयत्याला पूजेआधी धार लावतो, नांगराचा फाळ बघतो. गाडीचं मात्र नुसतं तोंड सजवतो. बॉनेट कुणी उघडत नाही. यंदाचा दसरा गेला, हरकत नाही. येत्या रविवारी अर्धा तास काढा. मिस्त्री लागत नाही एवढं तरी बघा:

१. ब्रेक तेल. डबीवर खूण असते, त्याच्या खाली गेलं का बघा. काळं पडलं असेल किंवा दोन वर्षं झाली असतील तर बदलून घ्या. पातळी खाली गेली असेल तर नुसतं भरून गप्प बसू नका. ब्रेक पॅड झिजलेत किंवा कुठं गळती आहे, हे मिस्त्रीकडून बघून घ्या.

२. रेडिएटर. साधं पाणी घालत असाल तर बंद करा, कूलंट घाला. पाण्यानं आतून गंज धरतो. गरम इंजिनवर झाकण उघडू नका, तोंड भाजतं.

३. टायर. हवा सकाळी, गाडी चालवायच्या आधी बघा. थंडीत हवा थोडी कमी भरते. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. स्टेपनीतली हवा हमखास विसरतो, तीही बघा.

४. बॅटरी. टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलं असेल तर तारा काढून गरम पाण्यानं धुवा, कोरडं करून आवळा. तीन-चार वर्षांची बॅटरी पहिल्या थंडीतच दगा देते.

५. वायपर आणि काच. पावसात झिजलेलं रबर आता कडक झालेलं असतं. दव आणि धूळ मिळून काचेवर चिखल होतो. काच आतूनही पुसा, समोरच्या दिव्यानं डोळे दिपतात ते आतल्या तेलकट थरामुळं.

६. दिवे. पुढचे आपण बघतो, मागचे कोण बघतं? घरातल्या कुणाला तरी मागं उभं करा आणि ब्रेक दाबा.

७. उंदीर. हे आपल्याकडचं खास. भात कापलं की शेतातले उंदीर घराकडं येतात आणि गरम इंजिनवर बिऱ्हाड करतात. वायरी कुरतडतात. पेंढ्याच्या उडवीजवळ गाडी लावू नका. सकाळी बॉनेटवर थाप मारा, कधी मांजरही बसलेली असते.

आता धुक्याचं. कोयनेच्या जलाशयाकडचं धुकं सकाळी घाटमाथ्यावर येतं, समोरचं वळण दिसत नाही. मोठा लाईट लावला की समोर पांढरी भिंतच उभी राहते. डिपरवर चालवा. चारही इंडिकेटर लावून चालवू नका, तुम्ही कुठं वळताय ते मागच्याला कळत नाही. काचेवर आतून वाफ धरली तर एसी लावून हवा काचेकडं सोडा, थंडी वाजली तरी चालेल. दुचाकीवाल्यांनी दवानं ओल्या रस्त्यावर वळणात ब्रेक मारू नये. आणि काही दिसतच नसेल तर सरळ थांबा, रस्त्याच्या पूर्ण बाहेर. धुकं उन्हानं जातं. डॉक्टरची वेळ चुकली तर परत मिळते.

घाट चढून पाटण-कराडच्या बाजूला गेलात की दुसरी धास्ती, उसाच्या ट्रॉल्या. गळीत हंगाम सुरू आहे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, उसाची टोकं बाहेर आलेली, मागं दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. पंक्चर झाली तर रस्त्यातच उभी, चाकाला दगड. ट्रॉली जाते, दगड तिथंच राहतो. रिफ्लेक्टर कायद्यानं लागतातच. माझं तर म्हणणं आहे, मागं रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीचा ऊस कारखान्यानं गेटवर काट्यावर घेऊच नये. एका आठवड्यात सगळ्या ट्रॉल्या चमकायला लागतील.

पण घाटावरच्यांना नावं ठेवताना स्वतःकडंही बघतो. आपले चिऱ्याचे टेम्पो, पेंढा भरलेले पिकअप, शेणखताच्या ट्रॉल्या, किती जणांच्या मागं लाल दिवा पेटतो? माझ्या स्वतःच्या ट्रॉलीला गेल्या वर्षापर्यंत काही नव्हतं. गावातल्याच एका पोराची मोटरसायकल अंधारात मागून येऊन थोडक्यात चुकली, तेव्हा अक्कल आली. लाल पट्टी आणून चिकटवली. दहा मिनिटांचं काम होतं, ते मी दहा वर्षं केलं नव्हतं.

कालचं ते कुटुंब तासाभरानं निघालं. निघताना मी त्याला एवढंच विचारलं, ब्रेकचं तेल कधी बदललंत? तो म्हणाला, काका, असं काही असतं का? गाडीच्या पुढं दसऱ्याचा सुकलेला हार तसाच लटकत होता.

रविवारी बॉनेट उघडा मंडळी. आणि माझ्या यादीत काय राहिलं असेल तर सांगा, मीही शिकतोच आहे.