पंचाहत्तर डॉलरचा नमुना

जून १९९१. शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने ‘प्ले स्टेशन’ जाहीर केले: निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉमची कार्ट्रिज आणि सीडी, दोन्ही चालवणारे यंत्र. दुसऱ्याच दिवशी, तिथेच, निन्टेन्डोने फिलिप्सशी करार घोषित केला. सीडीवरील खेळांचे हक्क सोनीच्या हाती जाणे तिला मानवणारे नव्हते. ते यंत्र बाजारात आलेच नाही.

सुमारे दोनशे नमुने घडवले गेले, असे सांगतात. त्यांतला एक, सोनीचे माजी अधिकारी ओलाफ ओलाफसन पुढे ज्या अॅडव्हांटा कंपनीत गेले, तिथे पडून होता. ती कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि लिलावात सटरफटर सामानासोबत तो ७५ डॉलरना विकला गेला. मार्च २०२० मध्ये त्याचे ३,६०,००० डॉलर आले.

चर्चा होते ती या आकड्यांची. पण खरे कौतुक त्या आधीच्या मालकाचे. त्याने नमुना तज्ज्ञांना उघडू दिला. २०१७ मध्ये बंद पडलेला सीडी ड्राइव्ह चालू झाला.

याउलट कित्येक संग्राहक अप्रकाशित खेळांची कार्ट्रिज कुलपात ठेवतात. नक्कल बाहेर आली तर भाव पडेल, ही धास्ती. त्यांतल्या ईप्रॉम चिपमधली माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि तो भार वर्षानुवर्षे झिरपत जातो. कवच शाबूत, आतला खेळ पुसट. याला जतन म्हणवत नाही. नक्कल काढायला फार तर काही मिनिटे लागतात, आणि मूळ कार्ट्रिज मालकाकडेच राहते.