बाटलीवरचं नाव आणि बाटलीतली शाई

आमच्या हॉस्टेलमध्ये ‘अल्कोहोल इंक’ म्हटलं की ज्युनियर मंडळी फिदीफिदी हसतात आणि रेक्टर सरांच्या कपाळावर आठ्या पडतात. हसणाऱ्यांचा गैरसमज आहे. आठ्यांना मात्र कारण आहे, त्याकडे शेवटी येतोच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही चित्रकलेची शाई. गुळगुळीत टाइलवर किंवा प्लास्टिकच्या कागदावर थेंब टाकायचा, फुंकर मारायची, की रंग ढगांसारखे पसरतात आणि मिनिटभरात वाळतात. दिसायला अप्रतिम, पण परदेशी बाटली जेमतेम पंधरा मिली आणि किंमत अशी की माझ्या रूम पार्टनरने सहा बाटल्यांपायी मेसचे पैसे घातले आणि पुढचे पंधरा दिवस वडापाववर काढले. गॅदरिंगच्या प्रदर्शनात बक्षीस मात्र ज्याच्याकडे चोवीस बाटल्यांचा सेट होता त्याला! तेव्हापासून डोक्यात एकच किडा होता. ही स्पर्धा हाताची आहे की खिशाची?

दिवाळीत देगलूरला घरी गेलो. शेजारी सुतारकाकांचं दुकान आहे. त्यांना पार्टनरची एक बाटली दाखवली. काकांनी बूच उघडून वास घेतला आणि म्हणाले, “पोरा, ह्ये तर आमचं पॉलिशच हाय की! स्पिरिट, चपडा आन् रंग. कामून एवढे पैसे घातले?”

मी उडालोच. तीन वर्षं केमिस्ट्रीची जर्नल्स उतरवून काढली, पण हे काही सुचलं नव्हतं. बाटलीत असतं काय? अल्कोहोलमध्ये विरघळणारा रंग, अल्कोहोल आणि रंग धरून ठेवायला थोडी राळ. काकांचा चपडा म्हणजे लाख, पळस-बोरीच्या फांद्यांवरच्या किड्यांनी केलेली. ती पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणजे आपल्या पॉलिशवाल्यांचीच जुनी विद्या नवं लेबल लावून आली आहे.

मग प्रयोग सुरू केले. मेसमधला जिलेबीचा रंग सपशेल फसला, कारण खायचे रंग पाण्यात विरघळणारे, अल्कोहोलमध्ये ते तळाशी बसतात. फाउंटन पेनची शाई टाइलवर थेंब थेंब होऊन बसली. व्हाइटबोर्ड मार्करची शाई बोट लावलं की पुसली जाते, ती त्यासाठीच बनवलेली असते. जमली ती परमनंट मार्करची रिफिल शाई. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पातळ करायची. हे आयपीए मोबाईल दुरुस्तीवाले बोर्ड पुसायला वापरतात. सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं, चित्र चिकट राहतं. लाकडाच्या पॉलिशचे स्पिरिटमध्ये विरघळणारे रंगही चालतात. त्यात चिमूटभर चपडा रात्रभर भिजवून वरची निवळ घालायची. महागड्या कागदाऐवजी टाइल्सच्या दुकानात उरलेले पांढरे चकचकीत तुकडे घ्यायचे. सगळं मिळून खर्च एका परदेशी बाटलीपेक्षा कमी आला!

यात मी फार मोठा शोध लावला असं नाही. १९३१ साली दिगंबर परशुराम दांडेकरांनी भावाला सोबत घेऊन मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ नावाने शाईची पूड आणि वड्या बनवायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे आपली ‘कॅम्लिन’ उभी राहिली. आपल्यापैकी कुणाच्या कंपासपेटीवर ते नाव नव्हतं? दुसऱ्याची बाटली बघून हळहळण्यापेक्षा आत काय आहे हे विचारणारा माणूस आपल्याकडे आधीच होऊन गेला आहे.

पण स्वस्तातलं सगळं चांगलं, असंही मी म्हणणार नाही. हे रंग उन्हात उडतात. अर्ध्या चित्रावर काळा कागद लावून महिनाभर खिडकीत ठेवा, फरक दिसेल. महागड्या शाईतले बरेच रंगही याला अपवाद नाहीत. म्हणून कुणाला चित्र विकताना हे सांगणं हा प्रामाणिकपणा झाला.

आता रेक्टर सरांच्या आठ्या. मागच्या सेमिस्टरला एकाने ओलं चित्र हीटरच्या कॉइलजवळ वाळत ठेवलं आणि खालच्या पेपरने पेट घेतला. थोडक्यात निभावलं. तेव्हापासून खोलीत बाटल्यांना बंदी आहे, आणि माझं मत विचाराल तर ती योग्यच आहे. आयपीएची वाफ साध्या खोलीच्या तापमानालाही पेटते, हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरकत जाते. स्पिरिटची ज्योत उजेडात नीट दिसतही नाही. पॉलिशच्या स्पिरिटमध्ये बऱ्याचदा मिथेनॉलही असतं, ते विष आहे. हसणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

चूक आहे ती बंदी घालून विषय संपवण्यात. माझी स्टाफला नम्र विनंती आहे. वर्कशॉपमध्ये खिडकीजवळ एक टेबल, कुलूपबंद कपाट आणि अग्निशामक नळकांडं एवढं द्या. वर्गणी काढून आयपीए आणि रंग आम्ही एकत्र घेऊ, वहीत नोंद ठेवू. आणि यंदाच्या प्रदर्शनात सगळ्यांना त्याच कपाटातले तेच रंग द्या.

मग बघू कुणाचा हात चांगला आहे ते. आणि हो, माझा पार्टनर पुन्हा मेसमध्ये जेवू लागेल, हा फायदा वेगळाच!